टिपणांसाठी सात कोरी पाने

१

तुळसाबाईंचं नववं प्रकरण चोरीला गेलं आहे, हे पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतर अकराव्या मिनिटाला कळलं. आमच्या काळात असल्या गोष्टी कळायला महिने लागत. पुस्तक छापून येई, टपालानं जाई, मग कधीतरी एखादा चिकट वाचक पोस्टकार्ड टाकी. आता आमच्या मंदारनं तिकडे लोहाऱ्यात बोट टेकवलं आणि बोरी अरबला तुळसाबाईंच्या अंगणात बसलेल्या तीस माणसांचे मोबाईल एकदम वाजले.

जानेवारीतला रविवार होता. तुळसाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. दिवाळीत त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हापासून एकेक शब्द ओढून काढावा लागे. डोकं मात्र शाबूत होतं. एकोणऐंशी वर्षांच्या त्या बाईचं आयुष्य आमच्या छोट्या मंडळानं ई-पुस्तक केलं होतं. कुणी न छापलेली आणि छापून संपून गेलेली जिल्ह्यातली पुस्तकं आम्ही मोबाईलवर वाचता येतील अशी करतो आणि फुकट वाटतो. मी दारव्ह्याच्या वाचनालयात पस्तीस वर्षं नोकरी केलेली बाई, मी मजकूर नीट करते. कमलाकरराव पानं लावतात. मंदार त्याचं ई-पुस्तक करून गटागटांतून पाठवतो.

"दीपा, नववं वाच," तुळसाबाई म्हणाल्या.

दीपा त्यांची नात. तिनं मोबाईलवर बोट सरकवलं, थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"आजी, हे नववं नाही."

"मंग कोनतं हाय?"

"हे दहावं आहे. त्यालाच नववा आकडा दिलाय. अनुक्रमणिकेत पण बाराच प्रकरणं आहेत."

मी माझं वाचनयंत्र काढलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी डिसेंबरभर नागपुरात बहिणीकडे होते, म्हणून शेवटची प्रत मी तपासली नव्हती. बारा प्रकरणं मी स्वतः या खाटेशेजारी बसून उतरवून घेतली होती. नववं तेवढं, दिवाळीच्या आधी मी डॉक्टरांकडे तपासणीला गेले होते त्या आठवड्यात, तुळसाबाईंनी दीपाला सांगितलं होतं. तेवढं एकच मी वाचलेलं नव्हतं आणि तेवढंच गायब होतं.

"तुझ्याकडे नक्कल असेल ना?" मी दीपाला विचारलं.

"नाही मॅडम. हातानं लिहिलं होतं. आजीनं फोटो काढू दिला नाही. म्हणे, मोबाईलातलं गावभर होते, पुस्तकाच्या आधी फिरायले नको."

"मग पुन्हा सांगतील त्या."

एक वाक्य सांगायला तुळसाबाईंना आता दहा मिनिटं लागत होती, आणि डॉक्टरांनी पुढच्या झटक्याबद्दल घरच्यांना सांगून ठेवलं होतं.

"काय होतं त्या प्रकरणात?"

दीपानं आजीकडे पाहिलं. तुळसाबाईंचा अर्धा चेहरा हलला.

"पह्यले शोधा, बाई. तुमीच शोधा. मंग वाचा." त्या दम घ्यायला थांबल्या. "दुसऱ्या वक्ती चोरलं माह्यं."

पहिल्यांदा काय चोरलं होतं, ते विचारायचं मला त्या क्षणी सुचलं नाही. तोवर पुस्तक दिग्रस, नेर, आर्णीपर्यंत पोचलं होतं.

२

माझी बारा प्रकरणं आणि दीपानं लिहिलेलं नववं एका पाकिटात घालून तिचा मोठा भाऊ संघदीप दारव्ह्याला कमलाकररावांकडे देऊन आला होता. कमलाकररावांनी टाईप करून मंदारला धाडली. म्हणजे प्रकरण तीन हातांतून गेलं होतं, आणि तिघांपैकी एका हातानं ते ठेवून घेतलं होतं.

कमलाकरराव अठ्ठ्याहत्तरचे. 'अक्षय मुद्रणालय' त्यांच्या वडिलांचं. यंत्र भंगारात गेलं त्याला वीस वर्षं झाली, तरी त्या खोलीत शिरलं की मला शाईचा वास येतो. खरं तर आता तिथे एक संगणक, एक देवाची तसबीर आणि भिंतीवर हस्तलिखितं अडकवायचा तारेचा आकडा एवढंच आहे. वाचनालयात त्यांच्या छापखान्याची पुस्तकं आली की मी आधी शेवटचं पान पाही. दुसऱ्यांच्या पुस्तकांत शेवटी दोनचार ओळी अनाथासारख्या पडलेल्या असत. यांच्याकडे कधीच नाही. पानं कमी पडणार असं दिसलं, तर हा माणूस पहिल्या पानापासून ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या बदलत येई, आणि पुस्तक मापात बसवी.

"आलंच नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "बारा प्रकरणं आली, बारा लावली."

"संघदीप म्हणतो तेरा दिली."

"तो म्हणेलच. बसा, सुचित्राताई. डोळा कसा आहे? थेंब घालता का वेळेवर?"

"डोळा बरा आहे. पाकीट ठेवलंय का?"

त्यांनी खणातून खाकी पाकीट काढलं, जणू हाताशीच ठेवलं होतं. झाकणाची बाजू माझ्याकडे केली. "ऑपरेशन केलेल्या डोळ्यानं पाहा."

पाकीट एकदा उघडून पुन्हा चिकटवलं होतं. डिंकानं नव्हे. झाकणाखाली वाळून पिवळी पडलेली शितं होती.

"भात लावून चिकटवलंय," कमलाकरराव म्हणाले. "आता तुम्हीच ठरवा, घरच्या पोरानं आजीचं पाकीट कशाला उघडलं."

३

संघदीप मला गावातल्या सभागृहात भेटला. दारावर मोठ्या अक्षरांत नाव आहे : डोमाजी गुरुजी सभागृह. डोमाजी म्हणजे तुळसाबाईंचे यजमान. वारल्याला तीस वर्षं झाली, पण चौदा एप्रिलला या पट्ट्यातल्या गावोगावी त्यांची गाणी अजून म्हटली जातात. प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'डोमा म्हणे' येतं. संघदीप कॉलेजात शिकवतो आणि या सभागृहाचा सचिव आहे. खुर्च्या मांडत होता.

मी कमलाकररावांकडून आणलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. त्यानं शितांकडे पाहिलं आणि खुर्ची तशीच हातात धरून उभा राहिला.

"डब्यातला भात होता, मॅडम. दारव्ह्याच्या स्टँडवर बसलो होतो."

"म्हणजे उघडलंस."

"उघडलं. वाचलं. फाडणार होतो." त्यानं खुर्ची खाली ठेवली. "बोरीच्या परतीच्या दोन गाड्या सोडल्या. लोक विचारत होते, सर, कोणाची वाट पाहून राह्यले?"

"काय होतं त्यात?"

"गाणी आजोबांची नव्हती." त्यानं दारावरच्या नावाकडे पाहिलं नाही, पण मान तिकडे वळता वळता थांबली. "आजीची होती. सगळी बत्तीस. आजोबांनी तिची वही नेऊन छापून आणली, स्वतःच्या नावानं. मी याच हॉलमध्ये दरवर्षी आजोबांवर भाषण करतो, मॅडम. पोरांना टाळ्या वाजवायला लावतो."

"मग फाडलं का नाही?"

"दुसरी प्रत नव्हती. आजोबांनी एकदा केलं तेच मी केलं असतं." तो हसला, पण ते हसू नव्हतं. "भात लावला आन देऊन आलो. तेरा प्रकरणं. कमलाकरकाकांच्या हातात."

"आणखी काय होतं त्या प्रकरणात?"

"पुढचं आजीलाच विचारा."

"मला सांगायला काय झालं?"

"तुमाले सांगायची मले लाज वाटते," तो एकदम घरच्या बोलीत म्हणाला आणि खुर्च्या मांडायला लागला.

लाज आजोबांची, असं मी धरलं. माणसाला स्वतःला सोडून सगळं सुचतं.

परतीच्या काळीपिवळीत कापसाच्या दोन गठड्यांच्या मध्ये दबून बसले आणि हिशेब लावत राहिले. फाडायला बसलेला पोरगा मन बदलून येतो, असं कथेत होतं. त्याच्याकडे कारण होतं, वेळ होता, आणि पाकीट त्यानं उघडलं होतं हे त्यानंच कबूल केलं होतं. समोर कमलाकररावांचा शब्द होता, आणि त्यांना मी बावन्न वर्षं ओळखत होते. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. मी मनात संघदीपला दोषी ठरवून टाकलं होतं. फक्त मंदारला भेटायचं राहिलं होतं, रीत म्हणून.

४

मंदार लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला आहे. ई-पुस्तकं तो हौसेनं करतो. जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आला. पोरगा थोडा धांदरट. मागच्या एका पुस्तकात त्यानं दोन प्रकरणं उलटसुलट केली होती, आणि एका वाचकानं तेच कसं नवीन तंत्र आहे म्हणून कौतुकाचं पत्र पाठवलं होतं.

"मावशी, या वेळेस मी नाही हो," त्यानं आल्या आल्या हात जोडले. "माझ्याकडून गेलं असतं तर अनुक्रमणिकेत नाव राहिलं असतं आणि आत भोकाड पडलं असतं. इथे तर आकडेसुद्धा बदललेत. काकांच्या फाईलमध्येच बारा होती."

त्यानं लॅपटॉप बाकावर ठेवून कमलाकररावांची फाईल उघडली. मला गंमत वाटली. पानं लावलेली होती, वर पुस्तकाचं नाव, खाली पृष्ठांक, सगळं कंपोझ केल्यासारखं.

"हे तुला लागतं?"

"काहीच लागत नाही! ई-पुस्तकाला पानच नसतं, मावशी. तुमच्या यंत्रावर अक्षर मोठं आहे, तिथे पुस्तक चारशे पानांचं होतं. दीपाच्या मोबाईलवर आणखी वेगळं. मी काकांना किती वेळा सांगितलं, नुसता मजकूर द्या. ऐकत नाहीत. म्हणतात, माझं पान बदलायचं नाही."

"मग तू काय करतोस?"

"आहे तसं उतरवतो. वडीलधारा माणूस." त्यानं चहाचा घोट घेतला. "आता हेच बघा ना. शेवटी चार पानं दारव्हा तालुक्यातल्या आठवडी बाजारांचे वार. तुळसाबाईंच्या आयुष्याशी काय संबंध? आणि त्यापुढे हे."

त्यानं पडदा सरकवला. कोऱ्या पानावर ठळक अक्षरांत 'टिपणांसाठी'. पुढचं पानही तसंच, आणि त्याच्या पुढचंही. सात पानं.

"मोबाईलवर कोण पेन्सिल घेऊन टिपणं लिहिणार आहे? विचारलं तर म्हणाले, राहू दे."

मी ग्लास खाली ठेवला.

"एकूण पानं किती?"

"एकशेसाठ."

"आणि याआधीची पुस्तकं?"

त्यानं जुन्या फायली पाहिल्या. "शहाण्णव. एकशेअठ्ठावीस. एकशेचव्वेचाळीस. का हो?"

"त्यात कोरी पानं होती?"

"नाही. याच्यातच पहिल्यांदा."

टपरीवाला पैसे घ्यायला आला तेव्हा मंदारनंच ते दिले. मी बसून होते. चोर कोण ते मला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

"कमलाकरराव," मी म्हटलं, "सोळाचा पाढा म्हणा."

ते संगणकासमोर होते. वळले नाहीत.

"तुमच्या छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं बसायची. म्हणून पुस्तक सोळाच्या पटीतच व्हायचं, नाहीतर कागद वाया. मंदारला हे माहीत असायचं कारण नाही. तो जन्मला तेव्हा तुमचं यंत्र मोडायला आलं होतं. संघदीपला तर नाहीच नाही. ज्या पुस्तकाला पानंच नाहीत त्याची एकशेसाठ पानं भरत बसणारा माणूस या तालुक्यात एकच आहे."

"सवय आहे," ते म्हणाले. "त्यानं काय सिद्ध होतं? मला बारा प्रकरणं मिळाली, मी ती सोळाच्या मापात बसवली."

"बारा मिळाली असती तर तुम्ही पहिल्या पानापासून ओळी सैल करत आला असता. तुमच्या पुस्तकांची शेवटची पानं मी आयुष्यभर पाहिली आहेत. 'टिपणांसाठी' तुम्ही कधी छापलं तेही मला माहीत आहे. एकदा एका पुढाऱ्याची प्रस्तावना ऐनवेळी काढून घ्यावी लागली तेव्हा, आणि एकदा एका लेखकाच्या घरच्यांनी कोर्टाची भीती घातली तेव्हा. पानं लावून झाल्यावर मधून काही उपसावं लागलं, की मागे तुम्ही बाजाराचे वार आणि कोरी पानं घालता. या पुस्तकात अकरा पानं उपसली गेली. म्हणजे नववं प्रकरण तुमच्या हातात आलं, तुम्ही ते टाईप केलं, पानं लावली. आणि मग काढलं. संघदीप खरं बोलला."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"डोमाजीनं वही आणून दिली तेव्हा मी सत्तावीसचा होतो," कमलाकरराव म्हणाले. "बाईमाणसाचं अक्षर होतं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी 'तुळसा म्हणे'. डोमाजी म्हणाला, तिथे माझं नाव टाका, बाईच्या नावानं कोण गाईल? वडील म्हणाले, गिऱ्हाईक सांगतं ते कर. बत्तीस ठिकाणी मी माझ्या बोटांनी शिशाच्या अक्षरांचे खिळे बदलले. तुळसा काढलं, डोमा बसवलं. तीन अक्षरांच्या जागी दोन, म्हणून एका अक्षरापुरतं मोकळं राहायचं. ते पण भरलं."

"म्हणून काढलंत. छापखान्याची अब्रू."

"छापखाना कुठे आहे, सुचित्राताई? मला कोण विचारतं?" ते उठले. भिंतीवरच्या आकड्यातून कागदांचा एक जुडगा काढला. मागच्या खेपेला मी त्या आकड्यासमोरच बसून गेले होते. "हस्तलिखित जाळायचं नाही, एवढं एक वडिलांनी शिकवलं. घ्या. माझ्यासाठी नाही काढलं. वाचा."

दीपाचं गोल अक्षर होतं. वहीची, छापखान्याची, पुस्तिकेची हकिकत मी भराभर वाचली. सहाव्या पानावर तुळसाबाई दारव्ह्याच्या वाचनालयात आल्या. एकोणीसशे चौऱ्याहत्तर. त्यांच्याकडे गाण्यांची कच्ची वही होती, खाडाखोडीची, पहिल्या वहीच्या आधीची. ती घेऊन त्या बोरीहून पायी आल्या होत्या. टेबलावर नवीन लागलेली एक बाई होती. तिनं वही घेतली. म्हणाली, ठेवून जा, समितीला दाखवते. एक महिन्यानं तुळसाबाई गेल्या, समिती बसली नव्हती. आणखी एक महिन्यानं गेल्या, तेव्हाही नाही. तिसऱ्या खेपेला त्या बाईनं मान वर करून विचारलं, "कोणती वही?"

खाली त्या बाईचं नाव होतं.

ती पुस्तिका मला आठवते. फिकट निळं मुखपृष्ठ, बत्तीस पानं, दाखल क्रमांक चार हजार एकशे सात. रजिस्टरात लेखक म्हणून डोमाजीचं नाव मी निळ्या शाईनं लिहिलं, तो टाकसुद्धा आठवतो. त्या वर्षी कपाटांना वाळवी लागली होती आणि आम्ही पोतंभर कागद रद्दीत घातले, तेही आठवतं.

वही घेऊन आलेली ती तरुणी आठवत नाही.

"बावन्न वर्षं माझी पुस्तकं तुम्ही हातात घेतलीत," कमलाकरराव म्हणाले. "म्हातारपणी तुमचं नाव असं गावोगाव जावं? मला पाहवलं नाही."

"त्यात माझं नाव नसतं, नुसतं तुमचं असतं, तर ठेवलं असतंत?"

त्यांनी भिंतीवरचा रिकामा आकडा सरळ केला. पंख्यानं उडू नयेत म्हणून मी कागद पदराखाली धरले आणि निघाले. जोड्यात पाय घालताना ते मागून म्हणाले, "आता तुमच्या हातात आहे. दुसरी प्रत नाही."

तेच वाक्य. संघदीपचंच. बोरीची गाडी भरेपर्यंत दारव्ह्याच्या स्टँडवर मी बसले होते. किती वेळ, ते विचारू नका.

६

खाटेवर तुळसाबाई जाग्या होत्या. दीपा पाय दाबत होती. संघदीप दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

"सापडलं," मी म्हटलं. "कमलाकररावांनी काढलं होतं."

"खिळेवाल्यानं." त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "काहून?"

"माझ्यासाठी, असं म्हणाले."

त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "तुमच्यासाठी लोक लय करतात, बाई."

"तुळसाबाई, मला ते आठवत नाही. खोटं सांगत नाही. वही, तुम्ही, काहीच नाही."

"मले ठाव हाय. पह्यल्या दिवशी तुमी आल्या, चहा पेल्या, आन मले इचारलं, आपन आधी कुठं भेटलो का." त्या थांबल्या, दीपानं पाणी पाजलं. "मी म्हटलं, नाही."

"मग मला लिहायला का बसवलंत?"

"तुमचं अक्षर चांगलं हाय."

दाराशी संघदीपनं मान खाली घातली. मला वाटलं, मी माफी मागावी. शब्द तोंडापर्यंत आले. पण बारा प्रकरणं या बाईच्या तोंडून ऐकून मी एवढं शिकले होते, की माफी मागणं म्हणजे तिच्याकडून आणखी काहीतरी मागणंच.

मंदारला फोन लावला. दीपा संध्याकाळपर्यंत प्रकरण टाईप करेल, त्यानं नवीन पुस्तक करावं, तेरा प्रकरणांचं, कोरी पानं काढून.

"करतो, मावशी. पण जुनं परत येणार नाही."

"म्हणजे?"

"सुटलं ना ते. किती मोबाईलवर गेलं, कोणी कोणाला पाठवलं, काही पत्ता नाही. नवीन पाठवलं तरी लोक म्हणतील, हे तर आहे आपल्याकडे. उघडणारसुद्धा नाहीत."

आमच्या वेळी चूक राहिली तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत चिकटवत असू. वाचनालयातल्या प्रतींत मी स्वतः चिकटवल्या आहेत. हे पुस्तक कुठल्या कपाटात आहे, तेच कुणाला माहीत नव्हतं. गाणी डोमाजीच्याच नावावर ठेवणारं, नवव्या प्रकरणाशिवायचं, ते आता आपलं आपण फिरत राहणार होतं.

फोन स्पीकरवर होता. तुळसाबाईंनी सगळं ऐकलं.

"त्याच्या मागं दुसरं पाठवा," त्या म्हणाल्या.

"दुसरं काय?"

"आवाज. लोक वाचत नाहीत. आयकतात." प्रत्येक शब्दाला त्या वेळ घेत होत्या आणि आम्ही सगळे थांबत होतो. "नववं वाचा. तुमी. दीपा भरून घेईन. जिथं जिथं ते गेलं, तिथं धाडा."

"दीपा वाचेल," मी म्हटलं. "तिचा आवाज छान आहे. किंवा संघदीप..."

"तुमी."

दीपानं मोबाईल पाण्याच्या गडव्याला टेकवून उभा केला. संघदीप आत आला आणि त्यानं खिडकी लावून घेतली, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज येऊ नये म्हणून. मी चष्मा घातला. पहिलं पान, दुसरं पान. वही डोमाजीनं कशी नेली. छापखान्यात काय झालं. कमलाकररावांचं नाव मी न अडखळता वाचलं, दुसऱ्याचं नाव वाचणं सोपं असतं. सहावं पान आलं. बोरीपासून दारव्ह्यापर्यंतचा रस्ता आला, पायातली तुटलेली चप्पल आली, टेबल आलं. तीन खेपा मी वाचल्या. "कोणती वही?" हेही वाचलं, आणि मला माझ्याच आवाजात ते ऐकू आलं, जसं मी म्हटलं असेन तसंच, थोडं घाईत, थोडं वरून.

पुढच्या ओळीशी मी थांबले. मोबाईलवरचे आकडे पुढे सरकत होते. दीपानं हात पुढे केला नाही.

"बाई," तुळसाबाई म्हणाल्या, "नाव मोठ्यानं."

"सुचित्रा दिग्रसकर," मी वाचलं.